जायचे नाही म्हणणाऱ्या नायकाचे काय करावे?

प्रश्न : स. न. वि. वि. मी पेण तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात राहतो आणि नोकरीनिमित्त रोज पनवेलला ये-जा करतो. गेली सहा वर्षे मी एक अद्भुतरम्य महाकादंबरी लिहीत आहे. फुलस्केप वह्यांची ३८० पाने भरली आहेत. कथा अशी : रुद्रवीर नावाचा एक अनाथ गुराखी आहे. एक महर्षी येऊन त्याला सांगतात, की तो एका लुप्त राजवंशाचा अखेरचा अंकुर असून तेजोमणी नावाचे रत्न सात पर्वतांपलीकडील अंधारकुंडात नेऊन टाकण्याचे काम त्याच्याशिवाय कोणालाही साधणार नाही. रुद्रवीर नकार देतो. हा नकार पहिली ९० पाने चालतो. मग शत्रूचे सैन्य त्याचे गाव जाळते आणि तो मोहिमेवर निघतो. माझा एक मित्र वाचून म्हणाला, ‘‘पहिली नव्वद पाने तुझा नायक नाही म्हणतो आणि पुढच्या दोनशे नव्वद पानांत आपण कधी नाही म्हणालो होतो हे त्याला आठवतही नाही.’’ बारावीतील भाचीचे मत त्याहून कडक आहे : हे सगळे इंग्रजीतून उचललेले वाटते. नकाराची पाने काढून टाकून नायकाला पहिल्याच प्रकरणात घराबाहेर काढू का? आणि असली कादंबरी मराठीत कोणी वाचेल का?

ता. क. पत्र पंधरा दिवस उशिरा टाकतो आहे. मागच्या उधाणाला आमच्या बांधाला खांड गेली, ती बुजवण्यात सगळे गाव गुंतले होते.

उत्तर : तुमच्या मित्राला आधी एक चहा पाजा, कारण सहा वर्षांच्या कामातील दुखरी जागा त्याने एका वाक्यात दाखवून दिली आहे. मात्र त्याच्या बोलण्यावरून तुम्ही जो उपाय काढला आहे तो मला पटत नाही. नायक कशासाठी नाही म्हणतो आहे हे वाचकाला दिसत असेल, तर नव्वद पानांचा नकारही तो निमूटपणे वाचतो. ते दिसत नसेल, तर नऊ पानेही जड जातात. रुद्रवीराविषयी तुमच्या पत्रात जे काही आहे ते मी दोनदा वाचले. त्याला आईबाप नाहीत, भावंडांचा उल्लेख नाही, गुरे दुसऱ्या कोणाची तरी आहेत आणि गावाला तुम्ही नावही दिलेले नाही. अशा मुलाने घर सोडायला नकार द्यायचा तो कशाच्या जोरावर? पोरक्या मुलाला नायक करण्यात लेखकाची सोय असते, कारण त्याला अडवायला कोणी नसते. पण अडवायला कोणीच नसलेल्या माणसाची नाखुशी चार पानांनंतर आळसासारखी दिसू लागते.

या प्रकारातील सर्वांत परिचित उदाहरण घेऊ, कारण तुमच्या भाचीच्या मनातही बहुधा तेच असावे. जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिचा नायक फ्रोडो याच्या हाती ती घातकी अंगठी येते तेव्हा तो ३३ वर्षांचा असतो, आणि ती घेऊन तो घराबाहेर पडतो तेव्हा त्याला पन्नास पुरी झालेली असतात. अंगठीचे खरे स्वरूप त्याला एप्रिलमध्ये कळते. तो निघतो सप्टेंबरच्या अखेरीस, आपला वाढदिवस उरकून. मधल्या पाच महिन्यांत तो ‘मी जाणार नाही’ असे एकही भाषण ठोकत नाही. तो नुसते दिवस ढकलतो. दुसऱ्या गावी राहायला चाललो आहोत अशी बतावणी करून तो राहते घर विकतो, आणि विकतो तेही ज्यांचे तोंड पाहणे त्याला नको असते अशा भावकीतल्या माणसांना. निघण्याच्या संध्याकाळी घरातली उरलीसुरली वाइन मित्रांबरोबर संपवून, खरकटी भांडी मात्र नव्या मालकिणीने घासावीत म्हणून तशीच ठेवली जातात. त्या कादंबरीतील लढाया मी आता पुष्कळशा विसरलो आहे, ही भांडी विसरलेलो नाही. जगावर अरिष्ट आलेले असताना जो माणूस भावकीवर एवढासा सूड उगवून घेतो, त्याचा त्या घरावर किती जीव असला पाहिजे हे लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता तुमच्या गाव जाळण्याच्या प्रसंगाकडे येतो, कारण माझ्या मते कादंबरीचा कणा तिथे मोडतो. गाव जळाले की रुद्रवीरापुढे निवड उरतच नाही. त्याला राहायला जागा नाही, मागे फिरायला वाट नाही, आणि उरात सूड आहे. असा माणूस निघणारच, त्यात नाखुशीचा प्रश्न येतोच कुठे? तुम्ही नव्वद पाने त्याला नाही म्हणायला लावले आणि शेवटी होकाराची जबाबदारी शत्रूच्या गळ्यात घातली. फ्रोडो निघतो तेव्हा त्याचे घर जागच्या जागी उभे असते, बागेत फुले असतात, आणि म्हणूनच ते सोडणे जड जाते. पुढे अंगठीचे काय करायचे हे ठरवणाऱ्या मंत्रणासभेच्या प्रसंगी तर सगळे थोर लोक माना खाली घालून गप्प बसलेले असतात, ज्याच्याकडून अंगठी आली त्या वृद्ध बिल्बोजवळ तिथेच राहून त्याला विसावा घ्यावा अशी तीव्र ओढ वाटत असते, आणि अंगठी मी नेतो, पण वाट मला ठाऊक नाही, असे तो बोलून जातो तेव्हा स्वतःचाच आवाज त्याला परक्यासारखा ऐकू येतो. त्याला तिथे कोणी ढकललेले नसते. तुमच्या कादंबरीत या जागेची बरोबरी करील असा क्षण हवा, आणि त्यासाठी गाव शाबूत राहिले पाहिजे.

हे ज्याने लिहिले तो माणूस स्वतःही ढोल वाजताच धावत सुटलेला नव्हता. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तरुणांनी लगोलग सैन्यात नाव नोंदवावे असा इंग्लंडमध्ये मोठा दबाव होता आणि टोल्किन यांच्या नातेवाइकांनाही तसेच वाटत होते. तरीही ऑक्सफर्डची पदवी हाती येईपर्यंत ते थांबले, १९१५ मध्ये सैन्यात गेले आणि १९१६ साली फ्रान्समध्ये सोम नदीकाठच्या लढाईत उतरले. १९१८ उजाडेपर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सारे गेले होते. आपल्या कथेचा त्या युद्धाशी थेट संबंध लावलेला त्यांना आवडत नसे, म्हणून मीही तो ताणणार नाही. पण जायला नको वाटणे आणि तरीही जाणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, एवढे म्हणायला हरकत नाही.

मित्राच्या वाक्याचा उत्तरार्ध अधिक बोचरा आहे आणि दुरुस्तीचे खरे कामही तिथेच आहे. तुम्ही नकाराला दार समजलात : रुद्रवीराने उंबरा ओलांडला आणि दार मागे बंद झाले. फ्रोडोच्या बाबतीत पाहा. जो माणूस आरंभी ही वस्तू मला नको म्हणतो, तोच प्रवासाच्या शेवटी, ज्या अग्नीत ती टाकायची त्याच्या काठावर उभा राहून, ती द्यायला नकार देतो आणि आपलीच म्हणून बोटात घालतो. कार्य तडीला जाते ते त्याच्या हातून नव्हे. टोल्किन यांनी नंतर वाचकांना लिहिलेल्या पत्रांत या शेवटाची बाजू घेतली आहे. त्या जागी आणि तेवढे सोसल्यावर कोणाचेही मन टिकले नसते, म्हणून त्याला नैतिक दोष देता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. घरी परतल्यावरही ६ ऑक्टोबर या दिवशी, म्हणजे वाटेत जखम झाली त्याच तारखेला, ती जखम पुन्हा दुखते. सुरुवातीची धास्ती अशी पानापानांतून रूप पालटत राहिली, तर ती नायकाच्या स्वभावाचा भाग होते. तुमचा तेजोमणी २९० पाने रुद्रवीराच्या कमरेला आहे, पण तो त्याचे काही बिघडवतो का? त्याचे वजन किती, तो झोपेत टोचतो का, त्याच्यामुळे सोबत्यांशी खोटे बोलावे लागते का? यांपैकी एकाचेही उत्तर पत्रावरून सापडत नाही.

भीती कशी लिहावी याचा धडा मात्र आपल्या घरातच आहे आणि तो इंग्रजीहून कितीतरी जुना आहे. विराटपर्वातील उत्तर आठवा. अंतःपुरात बायकांसमोर कौरवांना लोळवण्याच्या गप्पा मारून हा राजपुत्र बृहन्नडेला, म्हणजे स्त्रीवेषातील अर्जुनाला, सारथी करून निघतो, आणि समोर सेना दिसताच त्याच्या अंगावर काटा येतो, तो रथातून उडी टाकून पळत सुटतो. मागून अर्जुन, लांब वेणी आणि तांबडी वस्त्रे उडवीत, त्याच्यामागे धावतो. ते पाहून शत्रूचे सैनिक हसतात. शंभर पावलांत अर्जुन त्याला केसांना धरतो, तेव्हा उत्तर सोडवणुकीसाठी सोने, रत्ने, हत्ती, रथ असे काय वाटेल ते देऊ करतो. यात एकही विशेषण जास्तीचे नाही. पळणारे पाय आहेत, धरलेले केस आहेत आणि देऊ केलेल्या वस्तू आहेत. महाभारतकारांनी त्याला एका रात्रीत शूरही केलेले नाही. शमीच्या झाडावर चढून शस्त्रे काढायला तो घाबरत घाबरत जातो, मग लगाम हाती घेतो, आणि पुढे कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी शल्याच्या हातून मारला जातो. विराटपर्वातील हशा ऐकलेल्या वाचकाला तो मृत्यू फार लागतो. रुद्रवीर घाबरतो असे तुम्ही लिहिले असेल. तो कोणाला काय देऊ करतो, हे लिहिले आहे का?

तुमच्या आराखड्यावरून पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांच्या ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या १९४९ सालच्या ग्रंथातील टप्प्यांचा वास येतो. आधी हाक, मग हाकेला नकार, मग गुरू आणि उंबरा. त्या ग्रंथाने पुष्कळ लेखकांचे भले केले आणि तितक्याच जणांना पाककृतीची सवय लावली. ते जुन्या कथांचा अभ्यास करीत होते, कादंबरीचा मासिक हप्ता पाडण्याचे तंत्र सांगत नव्हते. नकाराविषयी लिहिताना तर त्यांनी ग्रीक देव अपोलोपासून पळता पळता झाड होऊन गेलेल्या डॅफनीसारख्यांच्या कथा दिल्या आहेत, म्हणजे जिथे नकार हाच कथेचा शेवट आहे अशा. तेवढे वाचून पुस्तक मिटा आणि कादंबरी संपेपर्यंत उघडू नका.

आता तुमचे ता. क. त्याला तुम्ही दोन ओळी दिल्या, मी जरा जास्त जागा घेणार आहे. खारजमीन न पाहिलेल्या वाचकांसाठी सांगतो : खाडीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध घातलेला असतो आणि त्यात उघाडी, म्हणजे झडपेचे दार, ठेवलेली असते. भरती चढू लागली की उघाडीची झडप लागली पाहिजे, ओहोटी लागली की ती मोकळी झाली पाहिजे, म्हणजे शेतातले पावसाचे पाणी खाडीत उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला, म्हणजे खांड गेली, तर खारे पाणी शेतात पसरते आणि ते मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत दोनतीन पावसाळे त्या जमिनीत धडपणे भात होत नाही. खांड बुजवायची ती दोन भरत्यांच्या मधल्या सहा-सात तासांत, चिखलात मांडीभर उभे राहून, हातोहात ढेपे पुढे सरकवत. हे सगळे तुम्ही परवाच केले आहे, आणि वहीत मात्र कोणाची तरी गुरे राखणारा पोरका मुलगा बसवला आहे.

रुद्रवीराला उघाडीवर बसवून पाहा. त्याचा बाप आहे, पण त्याचे गुडघे गेले आहेत. गावाची शेते या मुलाच्या झोपेच्या वेळांवर अवलंबून आहेत. महर्षी येतात ते नेमके उधाणाच्या रात्री. बांधाला हाताएवढी फट पडली आहे, मुलगा पेंढ्याची मोळी त्यात कोंबून पाठीने दाबून धरतो आहे, आणि काठावर उभे राहून हे गृहस्थ त्याला सात पर्वतांची गोष्ट सांगत आहेत. मुलगा म्हणतो, ‘‘महाराज, आधी ती टोपली द्या इकडे.’’ या एका वाक्यात नकार आहे, त्याचे कारण आहे, आणि महर्षींचा थोडा पाणउताराही आहे, जो त्यांच्या सांप्रत भाषणशैलीला मानवेल असे वाटते. आता तो गेला तर काय बुडेल हे वाचकाला बोटाने दाखवता येते, आणि नाही गेला तर काय बुडेल हे महर्षी सांगतच आहेत. दोन्ही पारड्यांत वजन पडले की नव्वद पाने लागणार नाहीत. तीस-पस्तीस पानांत तुमचे काम होईल, आणि ती पाने कोणी गाळून वाचणार नाही.

याच ज्ञानाचा दुसराही उपयोग आहे. टोल्किन यांनी नकाशा आधी केला आणि कथा त्यात बसवली. १९४४ साली मुलाला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी तक्रार केली आहे, की कथेतील चंद्र घोटाळा करीत आहेत, एका मुलखात उगवत असताना दुसरीकडे मावळत आहेत, आणि त्यामुळे जुनी प्रकरणे पुन्हा लिहावी लागत आहेत. तुमच्याकडे तर भरतीची वेळ काढायची तयार रीत आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढणारी भरती, असल्यामुळे पाणी फार चढतही नाही. तुमच्या काल्पनिक राज्यात ही एक रीत लागू करा. शत्रूची गलबते भांगाच्या दिवसांत खाडीत वरपर्यंत येऊ शकणार नाहीत, एवढे ठरले की महर्षींच्या चमत्कारांची अर्धी गरज संपेल, कारण तुमचा नायक तिथी मोजून सुटका करून घेईल. बांध सांभाळणाऱ्या मुलाला हे येणारच, त्यासाठी राजवंशाचा अंकुर असण्याची आवश्यकता नाही. तो राजवंश काढून टाकता आला तर पाहाच. मुलगा जातो कारण तो जाऊ शकतो आणि दुसरा कोणी पुढे येत नाही, हे रक्ताच्या हक्कापेक्षा मला अधिक खरे वाटते.

आणि नाव बदला. ज्याला जायचे नाही त्याला रुद्रवीर म्हणून हाक मारली, तर वाचकाला पहिल्या पानावरच शेवट कळतो. ३८० पाने लिहून झाल्यावर नाव बदलायचे कसे, असे वाटून घेऊ नका. फ्रोडोचे नाव सुरुवातीच्या खर्ड्यांत बिंगो होते, आणि पुढे राजा होणारा ॲरागॉर्न त्या खर्ड्यांत लाकडी बूट घालून फिरणारा एक बुटका होता. ती कादंबरी १९३७ च्या डिसेंबरात सुरू होऊन १९४९ साली लिहून झाली, त्यामुळे तुमच्या सहा वर्षांचाही फार संकोच नको.

भाचीचे म्हणणे अर्धे खरे आहे. सात पर्वत, अंधाराचा स्वामी आणि वस्तू नेऊन टाकण्याची मोहीम ही उसनवारी ओळखू येते. नाखूष नायक मात्र कोणाच्या मालकीचा नाही. वाचकांविषयी विचाराल, तर मराठी कादंबरीची सुरुवातीची बरीच पावले अद्भुतात पडली आहेत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. वास्तवाचा आग्रह नंतर वाढला. तेव्हा परवानगी कोणाची मागता? बारावीतील मुलगी ३८० पानांचे हस्तलिखित वाचून मत देते आहे, यावरून वाचक आहे हे सिद्धच झाले.

कामाचा क्रम असा ठेवा. सुरुवातीच्या नव्वद पानांना सध्या हात लावू नका. आधी तिनशेव्या पानाच्या आसपास एक प्रसंग लिहा, ज्यात नायक खरोखर परत फिरतो आणि अर्धा दिवस घराच्या दिशेने चालतो. त्याला कोणी समजावू नये, स्वप्न पडू नये, आकाशवाणी होऊ नये. तो कुठे थांबतो आणि का थांबतो हे तुम्हाला लिहिता लिहिता सापडले, तर आरंभीच्या नकारात काय हवे तेही सापडेल. वाटेत त्याला दिवस मोजायची सवय असू द्या. आज चतुर्दशी, म्हणजे आता घरी झडपेपाशी कोणीतरी उभे असले पाहिजे, असे त्याच्या मनात येऊन जावे, आणि हे मनात आले की त्याने त्या दिवशी जेवू नये.

पुढचे पत्र सवडीने लिहा, बांधाचे काम आटोपल्यावर. त्यात एवढे मात्र आवर्जून कळवा, की हा मुलगा निघून गेल्यावर उघाडीवर कोण बसते. बाप बसत असेल तर त्याच्या गुडघ्यांचे काय, आणि दुसरे कोणी बसत असेल तर त्याने ते काम कोणत्या अटीवर घेतले, हे मला वाचायचे आहे.